बिहीवरची लव

प्रिय भिंग,

तुझी पेटी परवा पोहोचली. सहा फळं, प्रत्येक वेगळ्या कागदात. तीन डहाळ्या, बुडं ओल्या शेवाळात बांधलेली. आणि सगळ्यांत वर तुझं पत्र. पोस्टमनने पेटी देताना दोनदा हुंगून पाहिली आणि आत अत्तर फुटलंय का म्हणून विचारलं. फळं आहेत म्हटलं, तर त्याचा विश्वास बसेना. आता दोन दिवस झाले, टॉवेलला, उशीला, दुधाला, सगळ्याला बिहीचा वास येतोय. लोक हौसेने ही फळं कपाटात ठेवतात, कपड्यांच्या घड्यांमध्ये. मला मळमळतं. खिडक्या उघड्या टाकल्या, पेटी बाहेर जिन्यात नेऊन ठेवली, तर वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन किती छान वास सुटलाय म्हणून माझंच कौतुक करून गेली. तुझ्या पत्राची पहिलीच ओळ होती, 'या वेळी कुणी पुसून ठेवायच्या आत चित्र काढून घे.' तू गंमत केलीस, मला कळतं. ती ओळ वाचून मी बेसिनपाशी गेले आणि बराच वेळ हात धूत उभी राहिले.

खरी बातमी तू नेहमीप्रमाणे शेवटी, घाईघाईत लिहिलीस. त्या दुसऱ्या संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात जागा निघाली, तू अर्ज केलास, मुलाखत चांगली झाली, आणि आता फक्त आमच्या संस्थेकडून तुझ्याबद्दलचा अभिप्राय जायचा राहिलाय. एक्कावन्नाव्या वर्षी आणखी कोण विचारणार, असंही वर हसत हसत लिहिलंस. सुकलेल्या पानाच्या तुकड्यावरून झाड ओळखणारी तू, अकरा वर्षं त्या रोपवाटिकेत बिहीच्या खुंटावर नासपतीची कलमं बांधतेस आणि गिऱ्हाइकांना रोज पाणी घालू नका म्हणून सांगतेस. हे आठवलं की माझ्या तोंडाची चव जाते. आणि तू मला विचारतेस, साहेबांच्या कानावर दोन शब्द घालशील का, कारण 'तिथे माझ्या बाजूने उभी राहिलेली तू एकटीच.' हे वाक्य तू आजवर किती वेळा लिहिलंस ते बघायला मी तुझी सगळी पत्रं काढून बसले. सात वेळा लिहिलं आहेस.

आधी इथलं सांगते. साहेब या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतायत. संग्रहप्रमुख म्हणून सव्वीस वर्षं. त्यांचा मोठा फोटो लागणार आहे, वृक्षांचं जाडजूड पुस्तक निघणार आहे, आणि त्या पुस्तकातली चित्रं माझी. बाकी त्यांच्यात काडीचा फरक नाही. अजूनही बोटाला थुंकी लावून नमुन्यांचे कागद उलटतात. अजूनही टेबलावर खातात आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या नेच्यावर बिस्किटाचा चुरा पडला की फुंकर मारून शेजारच्या कागदावर उडवतात. आणि अजूनही दरवर्षी नव्या मुलामुलींपुढे 'नमुना कसा जपावा' यावर व्याख्यान देतात. त्यात तू असतेस. नाव घेत नाहीत, साळसूदपणे 'आमच्याकडे एक बाई होत्या' म्हणतात. त्या बाईंनी फळावरची लव पुसली आणि बिहीची नवी जात काढली, टक्कल बिही. इथे ते खिशातून रुमाल काढतात आणि स्वतःचं टक्कल पुसून दाखवतात. सगळा वर्ग हसतो. मीही हसते. पहिल्या वर्षी भीतीने हसले असेन, पुढे सवयीने. या वर्षी मी दुसऱ्या रांगेत होते, आणि त्यांचा हात खिशाकडे जायच्या आतच मला हसू आलं होतं. शेजारची मुलगी माझ्याकडे बघायला लागली. त्या क्षणी मला स्वतःच्या तोंडाचीच शिसारी आली.

लवेचं माझं वाकडं तुला माहीत आहे, पण किती वाकडं ते नाही. लहानपणी मखमलीच्या पडद्याला हात लागला तरी माझे दात शिवशिवायचे. आई लोकरीचा कोट घालून जवळ घ्यायला आली की मी अंग चोरायचे आणि ती रुसायची. मोठी होऊन मी वनस्पतींची चित्रकार झाले, म्हणजे जगातल्या सगळ्या केसाळ पानांच्या तावडीत आपण होऊन सापडले. काटे चालतात मला, चीक चालतो, सडलेली कवकंसुद्धा चालतात. पण बिहीवरची ती करडी लव, बोट लागलं की मेलेल्या उंदराच्या कातडीसारखी निघून येणारी, गोळा होऊन नखात बसणारी, ती बघूनसुद्धा मानेवर काटा येतो. तुला मी हे विनोद करून सांगायचे आणि तू भिंग माझ्या डोळ्यांपुढे धरून म्हणायचीस, बघ तरी, एकेक केस किती नाजूक आहे.

भिंग हे नाव तुला मी दिलं, कारण गळ्यात भिंग नसलेली तू मी कधी पाहिलीच नाहीस. जेवतानासुद्धा ते डाळीत बुडायचं. तू सूड म्हणून मला कुंचला केलंस. आणि नमुने कागदावर चिकटवणाऱ्या आपल्या काकांना आपण दोघींनी मिळून डिंककाका केलं. मला ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, आणि बरं वाटलं की लगेच घाण वाटतं. तू रानातून यायचीस, बुटांना चिखल, पाठीवर पानंफुलं दाबून सुकवायची दाबपेटी, आणि आल्या आल्या माझ्या टेबलावर बसून शिकवायला लागायचीस. बिही तर तुझी लाडकी. कुळ सफरचंद-नासपतीचं, पण तिच्या वंशात ती एकटीच जात, ना बहीण ना भाऊ, म्हणून तुला तिचा पुळका. सफरचंदाच्या एका कप्प्यात बहुधा दोनच बिया, नासपतीचंही तेच, पण बिहीचा कप्पा उघड की बियांच्या ओळीच्या ओळी, आणि पाण्यात टाकल्या की बुळबुळीत चीक सुटतो. फुलं घोसाने नाहीत, तर यंदाच्या कोवळ्या फांदीच्या टोकाला एकेकटी, तीही पानं आल्यावर. कळी कशी पिळलेली, गुलाबी रेघांची, मिठाईच्या पुडीसारखी. पानाची कड सरळ, एकही दात नाही; दात दिसले की समजायचं ती शोभेची बिही, काटे असलेली, निष्पर्ण फांदीवर लाल फुलणारी, नावाचीच नातलग. फळाच्या टोकाला फुलाच्या तळची संदलं वाळून तशीच चिकटलेली. आणि अंगभर लव. हे सगळं मला तुझ्यामुळे पाठ आहे.

आता त्या शरदातलं सांगते, बारा वर्षांपूर्वीचं. तुला तुझी बाजू माहीत आहे, माझी नाही. तू टेकडीवरच्या जुन्या फळबागेतून बिहीची डहाळी आणि पाच फळं आणलीस. लेबलावर घाईत एवढंच लिहिलंस, 'फळ पिवळे, सुवासिक. तपशील वहीत.' संध्याकाळी आईच्या आजाराचा निरोप आला आणि तू पाच आठवडे गेलीस. जाताना डहाळी डिंककाकांना दिलीस, फळं मला, आणि पाकळ्यांच्या रंगाची नोंद बघायची होती म्हणून तुझी टिपणवहीही मीच मागून घेतली. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपरा उंदराने खाल्लेली. वहीचं हे वाक्य नीट वाच.

फळं माझ्या टेबलावर होती. ओलसर दिवस होते, लव दमट होऊन पुंजक्यापुंजक्याने सुटायला लागली होती. मी चित्राच्या कागदावर हात ठेवला तर तळव्याला लव, पेन्सिल उचलली तर पेन्सिलीला लव. चहा पिताना ओठाला काहीतरी लागलं आणि मी कपात ओकले. मग मी ब्रश पुसायचं फडकं ओलं केलं, डोळे अर्धे मिटले, आणि एकामागून एक पाचही फळं पुसली. चांगली चोळून पुसली, भांडी घासावीत तशी. खालून गुळगुळीत, पिवळीधमक सालं निघाली, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी गुणगुणत चित्र काढलं. पुसलेल्या फळाचं चित्र. पान उलटं करून दाखवायची आपली रीत, त्याप्रमाणे एक पान उलटं काढलं, पण त्याच्या पाठीवरची दाट लव भरायची राहू दिली. नंतर भरू म्हटलं. मनातून मला पक्कं ठाऊक होतं की मी भरणार नाही. दार उघडं होतं, डिंककाका डिंकाची वाटी घेऊन आत आले, मी फडकं टेबलाखाली टाकलं, ते डहाळीचा कागद ठेवून गेले. नेमकी त्यांनीही त्या वेळी सगळी पानं सुलटीच चिकटवली होती. एक उलटं लावा हे त्यांना तू सांगायचीस, आणि तू नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बशीतली फळं टक्कल, चित्रातलं फळ टक्कल, चित्रातल्या पानाची पाठ टक्कल. त्यांचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण ते म्हणाले, शाबास, काय निरीक्षण आहे, आणि मी शेफारले. चौदा वर्षं संग्रहप्रमुख राहून एकही झाड स्वतः न ओळखलेल्या माणसाला नवी जात सापडली होती. डहाळीवरचं एक पान उलटून बघायचेही त्याने कष्ट घेतले नाहीत. तीन आठवड्यांत संस्थेच्या पत्रिकेत लेख आला: बिहीचा लवहीन प्रकार, वर्णन साहेबांचं, चित्र माझं, नमुना तुझा. तू परत आलीस ती आईला निरोप देऊन, आणि टेबलावर तो अंक. तू मला विचारलंस, हे काय आहे? मी म्हटलं, मला वाटलं तूच साहेबांना सांगितलंस. किती सहज खोटं बोलले मी, पापणी लवली नाही.

पुढचं तू भोगलंस. तू साहेबांना सांगायला गेलीस की झाड साधं बिहीचं आहे, लव आहे. त्यांनी तुला आई गेल्याच्या दुःखात आहेस म्हणून घरी पाठवलं. पुढच्या शरदात बाहेरचे दोन अभ्यासक ते झाड बघायला टेकडीवर चढले आणि फांदीफांदीवर केसाळ फळं बघून हसत हसत उतरले. मग साहेबांना गुन्हेगार हवा होता. तिघांची समिती बसली. तू सांगितलंस की त्या पाचांतलं स्पिरिटच्या बरणीत जपून ठेवलेलं फळ काढा, देठाच्या खळग्यात आणि संदलांच्या खळग्यात बघा, फडकं तिथे पोहोचत नाही. त्यांनी काढलं, भिंगाखाली धरलं, आणि खरोखरच खळग्यांत करडी लव होती. तुला वाटलं सुटले. ते म्हणाले, म्हणजे कुणीतरी पुसलंय हे सिद्ध झालं, आणि फळं गोळा केली कुणी? तू म्हणालीस, माझ्या टिपणवहीत 'लव दाट, करडी, बोटाला लागते' असं झाडाखाली उभं राहून लिहिलंय, वही आणा. वही सापडली नाही. तू स्वतः दोन दिवस कपाटं उपसलीस. मीही तुझ्याबरोबर शोधली, भिंग. गुडघ्यांवर बसून, धुळीत, शिंकत, तुझ्याबरोबर शोधली. वही माझ्या खणात होती, चित्रांच्या कागदांखाली.

तू मला दिल्याचं विसरली होतीस. आईच्या निरोपाच्या गडबडीत तसं होणारच, आणि मी तुला आठवण करून दिली नाही. समितीने मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, मी समोर असतं ते काढते. चित्रकाराचं इतकं सरळ उत्तर, कोण काय बोलणार. मग माझ्या मनाला काय वाटलं कोण जाणे, मी तुझ्याबद्दल बोलायला लागले. तू किती प्रामाणिक, किती काटेकोर, तुझ्या हातून असं होणार नाही, माझा विश्वास आहे. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. ते खोटं नव्हतं, तेच तर किळसवाणं आहे. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास होताच, कारण कुणी केलं ते मला माहीत होतं. साहेबांनी समितीला सांगितलं, मैत्रीण आहे, बोलणारच. तुझ्या कागदावर शेरा बसला, 'नमुन्यात हेतुपुरस्सर फेरफार', आणि आपल्या धंद्यात तो बसला की कुठल्याच संग्रहाचं दार उघडत नाही. शेवटच्या दिवशी तू फाटकाशी मला मिठी मारलीस आणि 'तू एकटीच' म्हणालीस. तू ते म्हटलंस ती पहिली वेळ. पत्रातल्या सातांत ती धरलेली नाही.

तू म्हणशील, इतकी वर्षं झोप कशी लागली. लागली. हेच सांगायला लाज वाटते. माणसाला सगळ्याची सवय होते. बिहीला हात लावायची झाली नाही, पण खोट्याची झाली. मी स्वतःला समजवायचे, लव पुसणं हा गुन्हा नाही, साहेबांनी मूर्खपणा केला, मी फक्त मूग गिळून बसले. तुझं पत्र आलं की मी मोठं, प्रेमळ उत्तर लिहायचे. तुला आवडतात म्हणून कळ्यांची छोटी चित्रं पाठवायचे. ती चित्रं तू चौकटीत घालून लावली आहेस म्हणून कळवलंस तेव्हा मी दोन दिवस कामावर गेले नाही, तिसऱ्या दिवशी गेले.

गेल्या महिन्यात डिंककाका भेटायला आले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, हात आता थरथरतात, पण नाकाला अजून डिंकाचा वास कळतो म्हणतात. मी वृक्षांच्या पुस्तकासाठी वसंतातली बिहीची फुलं रंगवत होते, तू दाबून, सुकवून पाठवलेली. ते चित्राकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, या वेळी पानाला लव काढलीत." मी म्हटलं, हो. मग म्हणाले, "ते फडकं मीच धुतलं होतं. टेबलाखालचं. पाण्यावर तवंगासारखी लव आली होती." मी ब्रश खाली ठेवला. तुम्ही बोलला का नाहीत, असं विचारलं, तर म्हणाले, "मला वाटलं तुम्ही आज बोलाल, उद्या बोलाल. चांगल्या घरच्या बाई. मग तुमच्यासमोर आपण काय तोंड उघडायचं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनाही माझ्यासारखाच वीट आला होता, माझा आणि स्वतःचा. मी त्यांना चहा विचारला. नको म्हणाले.

परवापासून तुझी फळं काढायला बसले आहे. लव रंगवायची एकच रीत आहे, तुला माहीत आहे: ब्रश जवळजवळ कोरडा, रंग राखाडी आणि जराशी हिरवट झाक, आणि एकेक केस वेगळा. एका फळाला अख्खा दिवस लागतो. डाव्या हातात फळ धरून फिरवावं लागतं, म्हणजे तळव्याला लव, मनगटाला लव. मला तीनदा उठून जावं लागलं. देठाच्या खळग्यात ती जास्त दाट, पोटावर विरळ, आणि जिथे पान घासलं तिथे सालाचा पिवळा डाग उघडा पडलेला. एक फळ कापलं, त्यातले खड्यासारखे कण दाताखाली येतात ते बघायला तुकडा चावला. तोंड इतकं आवळून आलं की बोलता येईना. शिजवलं की हाच तुकडा गुलाबी होतो, मग लाल, हे तू सांगायचीस; मी शिजवलं नाही. दोन फळांची चित्रं पूर्ण झाली आहेत. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली चित्रं आहेत ती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

काका येऊन गेल्यावर मी संचालकबाईंना भेटले. त्या गेल्या वर्षी आल्या, जुन्या भानगडीशी त्यांचा संबंध नाही. लेखी द्या म्हणाल्या. मी चार निवेदनं लिहिली. 'अनवधानाने फळावरील लव निघून गेली.' जणू ती पायांनी चालत गेली. 'टिपणवही योग्य वेळी उपलब्ध होऊ शकली नाही.' जणू वहीच अडून बसली होती. साहेबांबरोबर राहून माझीही भाषा तशीच झाली आहे, कर्ता कुठेच सापडत नाही. चारही फाडली. पाचव्यात सरळ लिहिलं: मी पुसली, मी लपवली, मी खोटं बोलले. त्याला तुझी वही जोडली, आणि काकांनी खाली सही केली. ते काल संध्याकाळी दाखल झालं. साहेबांनी तुझ्याबद्दलचा अभिप्राय लिहून तयार ठेवला होता, तो थांबवलाय. काय लिहिलं होतं ते मी वाचलं, तुला सांगणार नाही, हात विटाळले एवढंच सांगते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण निवेदन देऊन झालंय, माफी मागायला मी बसलेली नाही, आणि तुझ्या आठवणीत रमायचा माझा हक्क कधीच संपला. येत्या चार दिवसांत तुला संस्थेचं पाकीट येईल. त्यात एक छापील कागद असेल आणि त्यावर एकच प्रश्न: सदर कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी अशी तुमची मागणी आहे काय? खाली दोन चौकटी. सदर कर्मचारी म्हणजे मी. मला नोकरीला चार वर्षं राहिली आहेत, घरात मी एकटी आहे, हे सगळं तुला माहीत आहे, आणि तू अजून तीच मऊ माती आहेस. तू पेन हातात घेशील, तुला माझ्या त्या कळ्यांच्या चौकटी दिसतील, आणि तू 'नाही' वर खूण करून कागद परत पाठवशील. म्हणून मी हे सगळं इतकं गलिच्छ, एकही गोष्ट न गाळता लिहिलं. कारण नियम मी विचारून घेतलाय. तू 'नाही' म्हणालीस तर प्रकरण आपसात मिटलं असं नोंदवतात आणि आधीचा शेरा जिथे आहे तिथेच राहतो, तुझ्या कागदावर. मग संचालकबाईंनाही अभिप्रायात तोच उतरवावा लागेल. तो तुझ्या कागदावरून निघायचा तर माझ्या कागदावर यावा लागतो, मधल्या मध्ये विरत नाही. तेव्हा माझ्यावर दया आली तर ती दाबून टाक, कागद टेबलावर सपाट ठेव, आणि पहिल्या चौकटीत खूण कर. 'होय' म्हण, भिंग.

तुझं 'होय' पोहोचल्यावरही तुझीच,
कुंचला